दादांनी केलेली वाटणी

मी, वामन गणेश सांजेकर, बी. कॉम., मूळ राहणार तुळजापूर, सध्या मुक्काम ईट, तालुका भूम, जिल्हा उस्मानाबाद, हा लेख हावळे बंधू मोटार सर्व्हिसचा व्यवस्थापक या नात्याने लिहीत आहे. आमच्या संस्थेचे ज्येष्ठ मालक श्री. रंगनाथराव बाबाराव हावळे, म्हणजे या भागातील लहानथोरांचे दादा, यांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथात त्यांच्या व्यवसायाविषयी मी लिहावे, अशी समितीची सूचना आहे. अशा लेखांत विशेषणांची गर्दी होते आणि माणूस मागे राहतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी स्वतः पाहिलेले तेवढेच लिहीन, आणि जे ऐकीव असेल ते ऐकीव म्हणून सांगेन. त्यातील एक प्रकरण छापण्यास दादांची संमती नव्हती. ती त्यांच्या दोन्ही धाकट्या भावांनी दिली आहे आणि दादांना तसे कळविण्याची जबाबदारीही त्यांनीच घेतली आहे.

दादांची आणि माझी पहिली भेट बार्शीस झाली. मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला, त्यानंतरचा तो उन्हाळा होता. मी तेथील एका गिरणीच्या कचेरीत हिशेबाचे काम पाहत असे आणि सुटीच्या दिवशी व्यापाऱ्यांचे भागीदारीचे व वाटणीचे कागद तयार करून देत असे. एका दुपारी पांढरा फेटा, धोतर आणि धुळीने लाल झालेला सदरा घातलेले एक उंच गृहस्थ कचेरीच्या व्हरांड्यात येऊन बसले. शिपायाने काम विचारले तेव्हा, साहेबांचे काम होऊ द्या, माझे घाईचे नाही, एवढेच ते म्हणाले. कचेरी सुटल्यावर मी बाहेर आलो, तसे ते उठून उभे राहिले.

"आमी तिघं भाऊ. ईटला मोटारी हायत आमच्या. वाटणी करायचीय."

"तुमच्याकडे भूमला, परंड्याला वकील आहेत की," मी म्हणालो.

"हायत. पर जो तो कुणाचा ना कुणाचा सोयरा. तुमची चौकशी केली म्या. तुमी कुणाचेच न्हाय."

माझ्या पात्रतेचे इतके नेमके वर्णन त्यापूर्वी कोणी केले नव्हते. मी काम पत्करले.

ज्या संस्थेची वाटणी करावयाची होती तिची हकीकत थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. दादांचे वडील कै. बाबाराव यांचा बैलगाड्यांतून धान्य वाहून नेण्याचा व्यवसाय होता. युद्धाच्या काळात त्यांनी एक जुनी लॉरी घेतली, ईटच्याच सुताराकडून तिच्यावर लाकडी बाके बसवून घेतली आणि पेट्रोल मिळेना तेव्हा ती कोळशाच्या गॅसवर चालविली. चढ आला की उतारूंनी उतरून चालावयाचे आणि वर पोहोचल्यावर पुन्हा बसावयाचे, असा रिवाज होता. तरीही लोक तिला आपली गाडी म्हणत. निजामी राजवटीत परंड्याच्या पुढे हद्द लागे. तेथे आमची गाडी थांबे आणि उतारू सामान डोक्यावर घेऊन पलीकडच्या गाडीत बसत. विलीनीकरणानंतर अडसर हळूहळू सैल झाले आणि राज्य एकच झाल्यावर ईटची गाडी थेट कुर्डुवाडीच्या आगगाडीला जाऊन भिडू लागली. एका लॉरीच्या जागी गाड्यांचा लहानसा ताफा उभा राहिला. बाबाराव तोवर निवर्तले होते आणि कारभार दादांकडे आला होता.

विलीनीकरणाच्या वेळच्या अस्थिर दिवसांतील एक गोष्ट आमचे ज्येष्ठ ड्रायव्हर महबूबभाई यांच्याकडून मी ऐकली आहे. त्या वेळी माणसांची मने बिघडली होती. गावातील काही मंडळींनी दादांना ड्रायव्हर बदलण्याचा सल्ला दिला. दादांनी त्यांना विचारले, "गाडी तुमी चालीवता का?" महबूबभाईंचे बिऱ्हाड त्याच आठवड्यात हावळ्यांच्या घरातील मागच्या सोप्यात आले आणि वातावरण निवळेपर्यंत तेथेच राहिले. "साब, दादा इतनाच बोले, चाबी तेरे पास रख," असे महबूबभाई मला म्हणाले. ती चावी आजही त्यांच्याच कमरेला असते.

मार्ग वाढविण्याची दादांची एक खास रीत होती, आणि वाटणीचे मूळही त्या रीतीतच होते. ज्या गावी गाडी न्यावयाची तेथे दादा आधी स्वतः जात. गावातील एक असे घर शोधीत, की गाडी बंद पडली, ओढ्याला पाणी आले, किंवा बाईमाणूस एकटे अडकले तर त्या घराने उतारूंना भाकरी आणि अंथरूण द्यावे. घरधन्याने तसा शब्द दिला तरच त्या गावचा थांबा होई. असे घर मिळाले नाही तर रस्ता कितीही चालता असो, दादा गाडी नेत नसत. "ज्या गावात आपलं माणूस न्हाय तिथं लोकांची माणसं न्हेऊन कशी सोडायची?" असे ते म्हणत. मी रुजू झाल्यानंतर येरमाळ्याच्या वाटेवर एकदा ओढा भरून आला आणि गाडी अलीकडेच अडकली. त्या गाडीत दिवस भरत आलेली एक गर्भारशीण होती. अलीकडच्या गावातील थांब्याच्या घरी तिची सोय झाली आणि त्या घरच्या आजीनेच तिचे बाळंतपण केले. या रीतीचा उपयोग त्या दिवशी मला दिसला.

दादांचे धाकटे बंधू श्री. उत्तमराव, म्हणजे बापू, यांना मात्र ही रीत मान्य नव्हती. बापू स्वतः उत्तम गाडी चालवीत. उतारू त्यांची गाडी पाहून चढत. हद्द मोकळी झाल्यावर बार्शी, सोलापूर, पुढे पुणेदेखील त्यांना दिसू लागले. दादा मात्र एकेका गावात एकेक घर शोधीत बसले होते. "असं घरं हुडकत बसलो तर माझं म्हातारपण परंड्यातच जाईल," असे बापू चारचौघांत म्हणू लागले. मधले बंधू श्री. भगवानराव, म्हणजे तात्या, वर्कशॉप सांभाळीत. ते कोणाचीच बाजू घेत नसत. बोलणेही त्यांना फारसे आवडत नसे. अखेर एका जेवणाच्या वेळी बापूंनी ताटावरून उठून वाटणी मागितली. दुसऱ्या दिवशी दादा बार्शीस माझ्याकडे आले.

मी ईटला गेलो. घर, गोठा, वर्कशॉप, गाड्या, सर्व पाहिले. तीन भावांशी स्वतंत्र बोललो. नंतर प्रत्येकाला एक मार्ग आणि त्या मार्गाला पुरतील एवढ्या गाड्या, असे तीन समान हिस्से पाडून मसुदा तयार केला. आपल्याकडे वाटण्या थोरल्याने पाडावयाच्या आणि उचलावयाच्या धाकट्यापासून, असा प्रघात आहे. म्हणून मसुदा प्रथम दादांना वाचून दाखविला. त्यांनी डोळे मिटून ऐकला.

"काम चोख हाय, भाऊसाहेब. पर ह्यानं मालक तीन होतील आन् सर्व्हिस एकबी ऱ्हाणार न्हाय. ईटचा माणूस कुर्डुवाडीला जाताना तीन ठिकाणी उतरंल."

मग त्यांनी दोन्ही भावांना ओसरीवर बोलाविले आणि माझा कागद बाजूला ठेवून स्वतःच्या तोंडाने वाटण्या पाडल्या. पहिली वाटणी, सर्व गाड्या. दुसरी, वर्कशॉप, हत्यारे आणि सुटे भाग. तिसरी, सर्व मार्गांची परमिटे.

मी आक्षेप घेतला. "दादा, ज्याच्या नावाचे परमिट त्याच्याच ताब्यात गाडी असावी लागते. परमिटावाचून गाडी रस्त्यावर आणता येत नाही आणि गाडीवाचून परमिट म्हणजे नुसता कागद. ही वाटणी टिकणार नाही."

"ठावं हाय."

"मग?"

"टिकंल अशी वाटणी मला करायचीच न्हाय."

बापूंचा चेहरा लाल झाला. "ही वाटणी हाय का पोरखेळ?" ते म्हणाले. "ठीक हाय. उचलायचा मान माझा. मी गाड्या उचलतो. सगळ्या. बघू पुढं काय करायचं ते."

तात्यांनी वर्कशॉपकडे पाहिले. "मला पान्याबिगर येतंय काय दुसरं?" असे म्हणून त्यांनी दुसरी वाटणी उचलली.

दादांच्या वाट्याला परमिटे आली. दाराआडून आमच्या वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी सौ. रुक्मिणीबाई, ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "गाड्या बापूंच्या, पाना तात्यांचा, आन् आमच्या वाट्याला कागद! बरं हाय. पावसाळ्यात चूल पेटवायला उपयोगी पडतील."

दादा हसले. बापू हसले नाहीत.

या वाटणीत किती धोका होता, ते वाचकांच्या लक्षात यावे म्हणून स्पष्ट करतो. तिघांपैकी कोणीही आपला हिस्सा विकला असता तर उरलेल्या दोघांच्या हाती काहीही राहिले नसते. दादांनी वडिलांपासून चालत आलेली संपूर्ण सर्व्हिस, आणि तिच्यावर अवलंबून असलेली ड्रायव्हर-कंडक्टरांची कुटुंबे, एका रागावलेल्या भावाच्या हाती दिली होती. मी त्यांना एकांतात तसे बजावले. ते म्हणाले, "बापू माझ्यावर रागावलाय, भाऊसाहेब. गाड्यावर न्हाय."

गाड्या पूर्वीप्रमाणे चालू राहिल्या, कारण त्या थांबवा असे कोणीच सांगितले नव्हते. घरातील बोलणे मात्र थांबले. बापू स्टँडवर उतारूंना सांगत, "बसा, बसा. गाडी माझी, रस्ता दादांचा, आन् बिघडली तर तात्यांचा दरवाजा वाजवा." लोक हसत आणि घरी जाऊन काळजी करीत. मी गिरणीतून रजा घेऊन कागद पुरा करण्यासाठी ईटलाच राहिलो होतो. तोच बातमी आली की बापूंनी सोलापूरकडील एका शेटजींशी गाड्या विकण्याचे बोलणे केले असून ते गाड्या पाहण्यास येणार आहेत.

ती बातमी कळली त्या दिवशी दादांनी माझ्याकडून एक अर्ज लिहून घेतला. सर्व परमिटे खरेदीदाराच्या नावे करण्यास माझी हरकत नाही, असा त्याचा आशय होता. मी लेखणी खाली ठेवली आणि विचारले, "हे आपण समजून करीत आहात ना?" ते म्हणाले, "तुमी लिवा." मी लिहिले. दादांनी सही केली.

शेटजी सकाळी आले. स्टँडवर भूमच्या बाजाराला निघालेली माणसे बोचकी घेऊन बसली होती. बापूंनी सर्वांत चांगली गाडी पुढे घेतली होती. महबूबभाईंनी हँडल मारले. गाडी सुरू होईना. पुन्हा मारले. इंजिन खोकल्यासारखा आवाज करून गप्प झाले.

"गाडी बसकी दिसती की हो," शेटजी म्हणाले.

"बसकी न्हाय, शेट. रोज कुर्डुवाडी करती," बापू म्हणाले. त्यांना घाम फुटला होता.

महबूबभाईंनी वर्कशॉपकडे पाहून हाक घातली, "तात्या, देखो ना जरा! आज नखरे कर रही है."

बापूंनी हाक घातली नाही. त्यांनी मान दुसरीकडे वळविली. तात्या वर्कशॉपच्या दारात उभे होते. गाडी सुरू झाली नाही तर सौदा फिसकटेल, हे तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होते. तात्यांनाही कळत होते. ते क्षणभर उभे राहिले. मग धोतराला हात पुसत आले, महबूबभाईंना म्हणाले, "सर बाजूला," आणि बॉनेट उघडून आत वाकले. पेट्रोलची नळी सोडवून त्यांनी तोंडाने फुंकून साफ केली, पुन्हा बसविली आणि हँडल स्वतः मारले. गाडी सुरू झाली. इंजिनाचा आवाज एकसारखा लागेपर्यंत ते कान देऊन उभे राहिले. नंतर शेटजींकडे वळले. मी त्यांना सलग इतके बोलताना तोपर्यंत ऐकले नव्हते.

"शेट, थंडीत हिला जरा दम द्या, येकदम रेस करू नगा. चढाला दुसऱ्या गिअरमधी घ्यायची, तिसऱ्यात कुथती. डाव्या अंगाच्या मागल्या स्प्रिंगचं पाटं म्या नवं घातलंय, त्याला भ्या न्हाय. तुमच्या ड्रायव्हरला एवढं सांगा. गाडी लई इमानी हाय."

तेवढ्यात दादा घरून आले. त्यांनी शेटजींना रामराम केला आणि तो अर्ज पुढे धरला.

"नुसत्या गाड्या न्हेऊन काय करता? रस्ताबी घ्या. ही परमिटं तुमच्या नावावर करायला माझी सही हाय. आमच्या बापूच्या गाड्यांना मोल आलं पायजे. आडल्यापायी इकल्या असं हुऊ ने."

शेटजी व्यवहारी गृहस्थ होते. त्यांनी अर्ज वाचला, दादांकडे पाहिले आणि विचारले, "मग तुमचं काय राहतंय, हावळे?"

"ते आमच्या घरात बघू."

बापू गाडीच्या बाजूला जाऊन उभे राहिले. तात्यांचे हात काळे झाले होते आणि ते हात पुसण्यासाठी चिंधी शोधीत होते. बापूंनी आपल्या खांद्यावरचा स्वच्छ टॉवेल काढून त्यांच्या हातात दिला. मग ते ड्रायव्हरच्या जागेवर चढून बसले आणि बाहेर मान काढून ओरडले, "भूम, परंडा, कुर्डुवाडी! चला, बसा, बसा! अय मावशे, बोचकं वर दे. लवकर!"

बसलेली माणसे उठून धावली. शेटजी गोंधळले. "अहो उत्तमराव, आपलं बोलणं?"

"शेट, माफ करा. भूमपर्यंत यायचं असंल तर बसा. फकस्त तिकीट काढावं लागंल."

शेटजी बसले. त्यांनी तिकीटही काढले. त्या दिवसापासून त्यांचे आणि आमच्या संस्थेचे संबंध चांगले राहिले आहेत, हे येथे नमूद करतो.

त्या दुपारी बापू परतले तेव्हा दादा ओसरीवर सुपारी कातरत होते. घडलेल्या प्रकाराचा कोणीच उल्लेख केला नाही. दादा म्हणाले, "बापू, सोलापूरचं तू काय म्हणत हुतास?"

"जाऊ द्या, दादा."

"जाऊ कसं द्यायचं? गाडी न्हेऊ. पर घरं तू हुडकायची."

संस्थेची खरी वाढ त्यानंतर झाली. बापूंनी गावोगावी फिरून थांब्याची घरे मिळविली, आणि या कामात ते दादांपेक्षाही सरस ठरले, असे दादा स्वतः सांगतात. बार्शी झाली, येरमाळा झाला, तेथून पुढे तुळजापूर, सोलापूर झाले. येरमाळ्यास येडेश्वरीच्या चैत्री यात्रेला जाणारे लोक आमच्या गाड्यांची वाट पाहू लागले. पुण्यास मात्र आम्ही गेलो नाही. तेथे थांब्याचे घर मिळाले नाही, असे बापू गंभीर चेहऱ्याने सांगतात.

दादांनी मला ईटलाच राहण्याची विनंती केली. गिरणीची नोकरी सोडून एका खेडेगावच्या मोटार सर्व्हिसमध्ये जाणे माझ्या नातलगांना शहाणपणाचे वाटले नाही. मी आलो. येताच मी भागीदारीचा रीतसर कागद केला आणि कायद्याच्या दृष्टीने गाड्या, वर्कशॉप व परमिटे भागीदारीच्या नावे आणली. घरातील वाटणीचा कागद रद्द करावा, असेही सुचविले. दादा म्हणाले, "असू द्या. त्यानं काय बिघडतंय?" त्यामुळे बाहेर संस्था एक आणि घरात ती तिघांत वाटलेली, अशी स्थिती कायम राहिली. वाणिज्यशास्त्राच्या माझ्या अभ्यासात असे उदाहरण कोठे आलेले नव्हते.

वैयक्तिक ऋणाविषयी एकच प्रसंग सांगतो. माझ्या मातोश्री तुळजापुरी अत्यवस्थ असल्याचा निरोप आला, तेव्हा भाऊसाहेबांना स्वतंत्र गाडी द्यावी, असे बापू म्हणाले. दादा म्हणाले, "ती गाडी काढली तर येरमाळ्याचे उतारू उन्हात बसत्याल. भाऊसाहेब, राग मानू नगा. मी तुमच्या संगट येतो." नेहमीचीच गाडी होती आणि ती भरलेली होती. कंडक्टरने मला जागा करून दिली. उतारू उभा असेल तर घरच्या माणसाने बसावयाचे नाही, असा हावळ्यांचा नियम आहे, त्यामुळे दादा येरमाळ्यापर्यंत माझ्या शेजारी दांडी धरून उभे राहिले. कंडक्टर कोणाला तरी उठवू लागला, तेव्हा ते म्हणाले, "त्यानं तिकीट काढलंय." तिकीट दादांनीही काढलेले होते. तुळजापुरास माझ्या आईचे सर्व होईपर्यंत ते आमच्या घरी राहिले. पाहुण्यांना पाणी देण्यापासून लाकडे आणण्यापर्यंतची कामे त्यांनी केली आणि आपण कोण, हे कोणालाही सांगितले नाही. त्या दिवशी मला स्वतंत्र गाडी मिळाली असती तर मी आभार मानले असते. ती मिळाली नाही, म्हणून मी आजन्म ऋणी आहे.

आता अलीकडची गोष्ट. सरकारने एकेक मार्ग स्वतःकडे घेण्याचे धोरण अवलंबिले आहे, हे सर्वांना ठाऊकच आहे. आमच्या मुख्य मार्गांची परमिटे मुदत संपल्यावर पुन्हा मिळालेली नाहीत आणि उरलेलीही फार दिवस राहतील असे दिसत नाही. दादांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही. "रस्ता सरकारचाच हुता. आपल्याला चालवाया दिला हुता," असे ते म्हणतात. त्यांनी आधी ड्रायव्हर-कंडक्टरांचा विचार केला. ज्यांना सरकारी गाड्यांवर जाता येईल, त्यांना दादा स्वतः घेऊन गेले. ज्यांचे वय त्याआड आले, त्यांना संस्थेतच दुसरे काम दिले.

मात्र घरातील वाटणीचा कागद पाहिला तर परिस्थिती वेगळीच आहे. बापूंच्या वाट्याच्या गाड्या आहेत. त्यांचे मालवाहू ट्रक करता येतील आणि ते काम सुरूही झाले आहे. तात्यांच्या वाट्याचे वर्कशॉप आहे. तेथे आता पाण्याची इंजिने आणि ट्रॅक्टर दुरुस्तीला येतात. दादांच्या वाट्याला परमिटे आली होती. त्यांची वाटणी संपल्यात जमा आहे. साठाव्या वर्षी, स्वतः पाडलेल्या वाटण्यांप्रमाणे, हातात काही नसलेले असे ते एकटेच आहेत.

गेल्या महिन्यात बापू आणि तात्या माझ्याकडे आले. वाटणीचा कागद रद्द करून उरलेले सर्व तिघांत समान, असा मसुदा करण्यास त्यांनी सांगितले. मी तो केला आणि आम्ही तिघे दादांकडे गेलो. दादांनी तो वाचून परत केला.

"माझ्या वाट्याला आलं ते गेलं. वाटण्या म्याच पाडल्या हुत्या. आता दुसऱ्याच्या वाट्यात हात घालायचा न्हाय."

"दादा, कागदावर सही करायची का न्हाय?" बापूंनी विचारले.

"न्हाय."

"बरं. भाऊसाहेब, मग दुसरा मसुदा करा. गाड्या आमच्या, वर्कशॉप आमचं. आन् दादाबी आमच्याच वाट्याला आले, असं लिवा."

"कुणाच्या? तुझ्या का माझ्या?" तात्या म्हणाले.

"दोघांच्या."

"निम्मे निम्मे?"

"दोघांच्या सबंध!" बापूंचा आवाज चढला होता. "लिवा, भाऊसाहेब."

वहिनी आतून म्हणाल्या, "आन् मी कुणाच्या वाट्याला म्हणायची?"

"वहिनी, तुमच्या वाट्याला आमी समदे."

"नगं गं बाई," वहिनी म्हणाल्या. "त्यापरास कागद बरे हुते."

सर्वजण हसले. दादाही हसले आणि हसता हसता त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. पण सही केली नाही.

तेव्हापासून तो मसुदा माझ्याकडे आहे. एक व्यक्ती दोन व्यक्तींच्या हिश्श्यात संपूर्णपणे कशी घालावी, याला कायद्यात आधार सापडत नाही. दादा मागे हटत नाहीत आणि भाऊ ऐकत नाहीत. दर आठवड्यास बापू विचारतात, "झालं का लिवून?" आणि मी, विचार चालू आहे, असे उत्तर देतो. माझ्या आयुष्यात कोणतेही काम मी मुद्दाम अपुरे ठेवलेले नाही. हे मात्र ठेवणार आहे. तिघे भाऊ माझ्यासमोर बसून या एका कागदावरून भांडत राहोत, त्यासाठी लागणारे आयुष्य दादांना मिळो, ते निरोगी मिळो, त्यांची दृष्टी आणि पाय शाबूत राहोत, आणि कागद नाकारण्याएवढे बळ त्यांच्या हातात सदैव राहो, अशी आई येडेश्वरीच्या चरणी मी मनःपूर्वक प्रार्थना करतो.

वामन गणेश सांजेकर
ईट, ता. भूम, जि. उस्मानाबाद
विजयादशमी, १९६६